बिनतारी जगातील जागल

आकाशाला भिंती नसतात, असे म्हणण्याची रीत आहे. रेडिओ-लहरींच्या बाबतीत मात्र हे खरे नाही. ज्या अवकाशातून नभोवाणीचे शब्द, दूरचित्रवाणीची चित्रे, विमानांचे संदेश आणि कोट्यवधी लोकांची दूरध्वनीवरील संभाषणे एकाच वेळी प्रवास करीत असतात, त्या अवकाशाचे शेतजमिनीप्रमाणे गट पाडलेले आहेत आणि बहुतेक गटांना कोणी ना कोणी धनी नेमून दिलेला आहे. १९०६ साली बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या वाटणीचा पाया घातला गेला. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि त्याच वर्षी अमेरिकेने बिनतारी संदेश पाठविण्यासाठी परवाना आवश्यक करणारा कायदा केला. तेव्हापासून ही मोजणी आणि ही मालकी वाढतच गेली आहे.

ही वाटणी अकारण झालेली नाही. एकाच ठिकाणी, एकाच वेळी आणि एकाच कंप्रतेवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर, दोघे बोलू लागले तर ऐकणाऱ्याच्या पदरी केवळ खरखर पडते. म्हणून ज्याचा गट त्याला, हा न्याय दीर्घकाळ निर्वेधपणे चालला. पण वस्ती वाढली म्हणजे गावचे गायरान ज्याप्रमाणे अपुरे पडू लागते, त्याप्रमाणे बिनतारी साधनांची संख्या वाढल्याबरोबर हा लहरींचा पट्टाही अपुरा भासू लागला. नव्याने येणाऱ्याला द्यावयास जागाच शिल्लक नाही, अशी ओरड सुरू झाली. मग प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. कागदोपत्री सारी जमीन वतनदारांच्या नावे लागलेली होती. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग बराच काळ पडीक होता. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने नेमलेल्या अभ्यासगटाने २००२ च्या नोव्हेंबरात दिलेल्या अहवालात, लहरींच्या खऱ्याखुऱ्या टंचाईपेक्षा त्या वापरावयास मिळण्याची अडचण अधिक मोठी आहे, असे मत नोंदविले.

आपल्याकडील स्थितीही याहून निराळी नव्हती. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१४ मध्ये दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्याचा देशभराचा हिशेब मांडला. त्यात प्रत्येकी ८ मेगाहर्ट्झच्या १५ वाहिन्या बसतात. त्यांपैकी किमान १२ वाहिन्या देशात जवळजवळ सर्वत्र रिकाम्या आढळल्या. पुढे पालघर जिल्ह्यातील खामलोली आणि आसपासच्या गावांत याच संस्थेने या रिकाम्या वाहिन्यांवरून खेड्यांना इंटरनेट पोहोचविण्याचा प्रयोग केला. या पट्ट्यातील लहरी झाडाझुडपांतून आणि भिंतींतून तुलनेने सहज पार होतात. ज्या गावापर्यंत तार ओढणे परवडत नाही, त्या गावाच्या दृष्टीने ही पडीक जमीन म्हणजे काळीभोर सुपीक जमीनच होय.

जाणता रेडिओ

या पडीक जमिनीचा उपयोग कसा करावा, याचे एक उत्तर जोसेफ मिटोला आणि जेरल्ड मॅग्वायर यांनी १९९९ मधील आपल्या लेखात सुचविले. त्यांनी त्याला 'कॉग्निटिव्ह रेडिओ' असे नाव दिले. मराठीत त्याला जाणता रेडिओ म्हणावयास हरकत नाही. हा रेडिओ नेमून दिलेल्या एकाच कंप्रतेवर बसून राहत नाही. तो प्रथम आजूबाजूची चाहूल घेतो; कोणती वाहिनी रिकामी आहे हे ओळखतो; तीवर आपला संदेश पाठवितो; आणि मूळ धनी परत येत आहे असे दिसताच जागा मोकळी करून दुसरीकडे जातो. थोडक्यात, तो मालक नव्हे, पाहुणा आहे. पाहुण्याने घरात वावरावे, पण यजमानाची गैरसोय होऊ देऊ नये, हीच त्याच्या वावराची अट होय.

ही अट बोलण्यास सोपी, पाळण्यास अवघड आहे. तिचे सारे ओझे 'चाहूल घेणे' या एका क्रियेवर येऊन पडते. पीक भरात आले म्हणजे शेतकरी रात्री मळ्यात जागलीला जातो, तेव्हा त्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. डुकरे शिरली तरी त्याला कळले नाही, ही पहिली चूक. आणि वाऱ्याने कणसे हलली तरी त्याने हाकाटी केली, ही दुसरी. जाणत्या रेडिओच्याही चुका याच दोन. धनी वाहिनीवर असूनही त्याची चाहूल लागली नाही, तर धन्याच्या कामात व्यत्यय येतो. वाहिनी रिकामी असूनही ती भरलेली वाटली, तर हाती आलेली संधी वाया जाते. पहिल्या चुकीचे नुकसान धन्याला, दुसरीचे पाहुण्याला. कान अधिक तिखट केला की पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते. कान थोडा बोथट केला की उलट घडते. दोन्ही चुका एकदम कमी करावयाच्या असतील, तर अधिक वेळ ऐकावे लागते, किंवा अधिक कानांनी ऐकावे लागते. दोहोंना वीज लागते. आणि येथूनच खरा प्रश्न सुरू होतो.

पहिली चूक किती महाग पडू शकते, याचे एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९८५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील डॅलस येथे उतरणारे एक प्रवासी विमान वादळी ढगातून एकाएकी खाली कोसळणाऱ्या वाऱ्यात सापडले आणि १३७ जणांचे प्राण गेले. अशा वाऱ्याची आगाऊ सूचना मिळावी म्हणून पुढे मोठ्या विमानतळांजवळ खास हवामान-रडार उभारण्यात आली. ती ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करतात. याच भागात घरगुती आणि व्यापारी वाय-फाय साधनांनाही २००३ नंतर पाहुणे म्हणून वाव मिळाला. मात्र अट अशी की, साधनाने वाहिनी घेण्यापूर्वी निदान ६० सेकंद ऐकावे, रडारची चाहूल लागताच १० सेकंदांत वाहिनी सोडावी आणि पुढील अर्धा तास तिकडे फिरकू नये. तरीही २००९ साली पोर्टो रिकोतील सान हुआन येथील अशा रडारच्या पडद्यावर खोटे पट्टे उमटू लागले. उघड्यावर उभारलेली काही बिनतारी साधने त्याच कंप्रतेवर बोलत होती. रडार तेथेच होते, नियमही होता; चाहूल मात्र घेतली गेली नव्हती.

एका कानाची मर्यादा

एकटे यंत्र कोठे फसते? प्रथमतः ते आडोशाला असू शकते. डोंगराच्या किंवा उंच इमारतीच्या मागे बसलेल्या यंत्राला दूरचित्रवाणीचा मनोरा ऐकू येत नाही. परंतु त्याच यंत्राचा आवाज मात्र शेजारच्या घरातील दूरचित्रवाणी-संचाला त्रास देऊ शकतो. दुसरे असे की, लहरी सरळ येतात तशाच भिंतींवर आपटून वळसे घेतही येतात. या निरनिराळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, तर कधी एकमेकींना पुसून टाकतात. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अर्धा मीटर असते. म्हणून यंत्र वीतभर इकडचे तिकडे केले तरी ऐकू येण्या-न येण्यात फरक पडू शकतो. तिसरे कारण म्हणजे यंत्राच्या आतच सतत चालू असलेली खरखर. दूरच्या संदेशाची शक्ती या खरखरीच्या शंभराव्या हिश्शाइतकीही असू शकते. अमेरिकेत २००८ च्या नियमांनी पाहुण्या साधनांकडून जी चाहूल अपेक्षिली होती, ती एका वॉटच्या अब्जांशाचा दशलक्षांश भाग घेतला, तर तशा चार भागांएवढ्या शक्तीची होती.

इतका क्षीण संदेश ओळखण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे वाहिनीवर येणारी एकूण ऊर्जा काही काळ मोजणे आणि ती नेहमीच्या खरखरीहून अधिक भरते की काय, हे पाहणे. या रीतीचे गणित हॅरी अर्कोविट्झ यांनी १९६७ मध्ये मांडले. त्यातून निघणारा नियम कठोर आहे. संदेश निम्म्याने क्षीण झाला, तर तितक्याच खात्रीसाठी चौपट वेळ ऐकावे लागते. दहापट क्षीण झाला, तर शंभरपट. शिवाय जितका वेळ ऐकण्यात जातो, तितका वेळ त्या वाहिनीवर बोलता येत नाही. यिंग-चांग लिआंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले की, संदेश खरखरीच्या शंभराव्या हिश्शाइतका असेल आणि १०० पैकी ९० वेळा तो ओळखावयाचा असेल, तर १०० मिलिसेकंदांच्या फेऱ्यात सुमारे १४ मिलिसेकंद ऐकण्यास देणे सर्वांत किफायतीचे ठरते. त्याहून कमी ऐकले तर फसव्या हाकाटीने संधी बुडते. अधिक ऐकले तर बोलण्याचा वेळ बुडतो.

पण वेळ वाढवीत गेल्याने प्रत्येक वेळी प्रश्न सुटतोच असे नाही. राहुल टंड्रा आणि अनंत सहाई यांनी २००८ मध्येच दाखवून दिले की, यंत्राच्या स्वतःच्या खरखरीचे माप नेमके ठाऊक नसेल, तर एका ठरावीक मर्यादेखालचा संदेश कितीही वेळ ऐकले तरी या रीतीने ओळखता येत नाही. तराजूचाच काटा किंचित हलत असेल, तर गुंजभर सोने तासन्‌तास तोलून काय उपयोग? त्या मर्यादेपलीकडे खर्च केलेली वीज शुद्ध वाया जाते.

पाच कान आणि त्यांचा कौल

एका कानाने भागत नाही, तेव्हा अनेक कान एकत्र आणणे ओघानेच आले. निरनिराळ्या जागी बसलेली ठाणी एकाच वाहिनीची चाहूल घेतात, आपापला निष्कर्ष मुख्य ठाण्याला कळवितात आणि मुख्य ठाणे सर्वांचा मिळून एक कौल ठरविते. एक ठाणे डोंगराआड असले तरी दुसरे माळावर असते. अमीर घासेमी आणि एल्व्हिनो सूझा यांनी २००५ मध्ये या सहकारी रीतीचा लाभ गणिताने दाखवून दिला.

साध्या आकड्यांनी हा लाभ स्पष्ट होतो. समजा, एकेक ठाणे धनी हजर असताना १०० पैकी ७० वेळा त्याला ओळखते आणि धनी नसताना १०० पैकी १० वेळा उगाच हाकाटी करते. अशी तीन ठाणी एकत्र केली आणि 'कोणीही एकाने हाकाटी केली की पुरे' असा नियम ठेवला, तर ओळखण्याचे प्रमाण ९७ वर जाते. पण फसव्या हाकाटीचे प्रमाणही २७ वर चढते. उलट 'तिघांचेही एकमत हवे' असा नियम केला, तर फसवी हाकाटी हजारात एकदाच होते. मात्र धनी ओळखला जाण्याचे प्रमाण ३४ पर्यंत घसरते. दोन्ही टोके निरुपयोगी. आता ठाणी पाच घेतली आणि 'पाचांपैकी किमान दोघे म्हणाले तर मानावे' असा नियम ठेवला, तर ओळखण्याचे प्रमाण ९७ च्या जवळ आणि फसव्या हाकाटीचे सुमारे ८ येते. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या वाहिन्यांसाठी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८०२.२२ या मानकाची आखणी करताना ९० टक्के ओळख आणि १० टक्के फसवी हाकाटी ही अपेक्षा धरलेली होती. जे एकट्याच्या आवाक्याबाहेर होते, ते पाच सामान्य कानांनी साधले.

येथे एक अट मात्र विसरता येत नाही. हे पाच कान एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. फ्रेंच विचारवंत कॉन्दोर्से यांनी १७८५ मध्ये न्यायपंचांच्या बहुमताविषयी जो सिद्धान्त मांडला, त्यालाही हीच अट होती. पाचही ठाणी एकाच टेकडीच्या पायथ्याशी असली, तर ती पाचही एकदमच बहिरी होतात, आणि पाच जणांचा कौल प्रत्यक्षात एकाचाच कौल असतो. वीज मात्र पाचांची खर्च होते.

विजेचा जमाखर्च

ही वीज कोठे आणि किती जाते? तीन बाबींवर: ऐकण्यावर, ऐकलेल्याचा हिशेब करण्यावर आणि निष्कर्ष कळविण्यावर. बोलण्यास कष्ट पडतात आणि ऐकणे फुकट असते, असा सर्वसाधारण समज आहे. लहान बिनतारी यंत्रांच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो. संवेदक-यंत्रांत वर्षानुवर्षे वापरली गेलेली सीसी २४२० ही रेडिओ-चिप पूर्ण शक्तीने बोलताना १७.४ मिलिअँपिअर वीजप्रवाह घेते, ऐकताना १८.८ मिलिअँपिअर. म्हणजे ऐकणे बोलण्याहूनही किंचित महाग. २५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या दोन पेन्सिल-सेलांवर असे यंत्र अखंड ऐकत बसले, तर साडेपाच दिवसांतच सेल संपतात. तेच यंत्र शंभरातील एकच क्षण जागे राहिले, तर इतर किरकोळ खर्च सोडून तो साठा दीड वर्ष पुरू शकेल. रानावनात, डोंगरावर, पुलांच्या कमानीवर बसविलेल्या शेकडो यंत्रांचे सेल दर आठवड्यास बदलणे शक्य नसते. ज्या ठाण्याचा सेल संपला, त्याची चाहूलही संपली. म्हणून विजेची काटकसर ही विश्वसनीयतेच्या विरुद्ध बाजूस उभी आहे, असे वरवर वाटले तरी दीर्घ मुदतीत तीच विश्वसनीयतेचा आधार असते.

म्हणूनच या क्षेत्रातील संशोधकांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. 'विश्वसनीयता अधिकात अधिक कशी होईल' असे न विचारता, 'ठरलेल्या विश्वसनीयतेला बाध न आणता वीज कमीत कमी किती लागेल' असे ते विचारू लागले. डेल्फ्ट येथील तांत्रिक विद्यापीठातील आणि फिलिप्सच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०११ मध्ये ही मांडणी करून झोप आणि मौन या दोन उपायांची सांगड घातली व त्यातून विजेची लक्षणीय बचत होते, असे दाखविले.

झोपेचा उपाय असा. वरील उदाहरणात पाच ठाण्यांनी काम भागते. तेथे दहा ठाणी बसवून सर्वांना जागे ठेवले आणि 'दहांपैकी चौघे' हा नियम केला, तर ओळख ९९ टक्क्यांच्या घरात आणि फसवी हाकाटी सव्वा टक्क्यापर्यंत येईल हे खरे. पण प्रत्येक फेरीस वीज दुप्पट लागेल. अपेक्षा जर नव्वद आणि दहाचीच असेल, तर पाच ठाण्यांनी आळीपाळीने जागावे आणि पाचांनी झोपावे. गस्त तितकीच राहते, आयुष्य दुप्पट होते. मात्र जागी राहणारी पाच एकाच दिशेची नसावीत; वेगवेगळ्या बाजूंची निवडावीत. कोणी झोपावे हे ठरविणे कोणी जागावे हे ठरविण्याइतकेच जोखमीचे असते.

मौनाचा उपाय त्याहून मजेदार आहे. ठाण्याने ऐकावे, पण सांगण्याजोगे काही असेल तरच बोलावे; काही न ऐकू आल्यास गप्प बसावे. आणि मुख्य ठाण्याने त्या गप्प राहण्याचा अर्थ 'धनी नाही' असा घ्यावा. वाहिनी रिकामी असताना पाच ठाण्यांकडून दर फेरीस पाच निरोप येण्याऐवजी सरासरीने अर्धाच निरोप येतो. निरोपांचा नऊ दशांश खर्च वाचतो. वाहिनी बहुतांश काळ रिकामी असेल तेथे हा लाभ मोठा. मौन पाळणाऱ्या संवेदकांची ही कल्पना रागो, विलेट आणि बार-शालोम यांनी १९९६ मध्ये, जाणत्या रेडिओचे नावही निघाले नव्हते तेव्हा, मांडली होती. तिच्यातील धोकाही उघड आहे. गप्प बसलेले ठाणे काही ऐकू आले नाही म्हणून गप्प आहे, की सेल संपला म्हणून? दोन्ही मौने सारखीच दिसतात. म्हणून अधूनमधून हजेरी घ्यावी लागते, आणि त्या हजेरीलाही थोडी वीज द्यावी लागते.

तिसरा उपाय थांबण्याचा आहे. ठरावीक वेळ ऐकून मग निर्णय घेण्याऐवजी, ऐकता ऐकताच पुरावा तोलत जावे आणि पारडे एका बाजूस पुरेसे झुकताच थांबावे. हे शास्त्र अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धसामग्रीच्या तपासणीसाठी उभारले आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. तितक्याच खात्रीसाठी सरासरीने सुमारे निम्म्याच तपासण्या पुरतात, असा त्यांचा अनुभव होता. भारतात व्याख्यानांसाठी आलेले असताना १९५० च्या डिसेंबरात निलगिरीच्या डोंगरात झालेल्या विमान-अपघातात वाल्ड यांचा अंत झाला. त्यांचे गणित मात्र आज लहानशा यंत्रांची वीज वाचवीत आहे. संदेश स्पष्ट असेल तेव्हा हे यंत्र क्षणात निर्णय देते. संशय असेल तेव्हाच ते अधिक वेळ खर्च करते.

चौथा उपाय निरोपाच्या अंतराचा. दूरवर बोलावयाचे तर शक्ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात, कित्येकदा त्याहूनही अधिक वाढवावी लागते. म्हणून प्रत्येक ठाण्याने दूरच्या केंद्राशी थेट बोलण्याऐवजी जवळच्या ठाण्यांनी टोळी करावी, एका प्रमुखाने सर्वांचे निरोप गोळा करावेत आणि त्या एकानेच पुढे कळवावे. पण प्रमुखाचा खर्च मोठा असल्यामुळे तोच आधी दमतो. यावर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी २००० मध्ये सुचविलेला तोडगा म्हणजे प्रमुखपद फिरते ठेवणे. कोणाही एकावर ओझे न पडता सर्वजण हळूहळू, सारखेच झिजतात.

निरोप किती लांब असावा, हाही असाच एक प्रश्न. 'आहे' किंवा 'नाही' एवढाच एका अक्षराचा निरोप सर्वांत स्वस्त. मोजलेली ऊर्जा आकड्यांत कळविली तर मुख्य ठाण्याचा निर्णय अधिक अचूक होतो, पण निरोप लांबतो. कोणाचा शब्द किती वजनाचा मानावा, याचे नेमके सूत्र चेअर आणि प्रमोद वार्ष्णेय यांनी १९८६ मध्येच दिले आहे: ज्या ठाण्याची पारख अधिक, त्याच्या मताला अधिक वजन. हे वजन ठरविता आले, तर एकाक्षरी निरोपांतूनही पुष्कळ साधता येते.

नियम कोणी ठरवावा?

एवढे सारे उपाय हाती असूनही, प्रत्यक्ष व्यवहाराने वेगळा धडा दिला. अमेरिकेने २००८ मध्ये दूरचित्रवाणीच्या रिकाम्या वाहिन्या पाहुण्यांना खुल्या केल्या, तेव्हा चाहूल घेणे आणि वाहिन्यांच्या नोंदवहीत पाहणे या दोन्ही गोष्टी सक्तीच्या होत्या. २०१० मध्ये, नोंदवही पाहणाऱ्या साधनांपुरती चाहुलीची सक्ती काढून टाकण्यात आली. दूरचित्रवाणीचा मनोरा जागचा हलत नाही; तो कोठे आहे हे वहीत लिहिलेले असता प्रत्येक यंत्राने रात्रंदिवस कान लावून बसावे कशाला? स्वस्त, क्षीण यंत्रांवर इतक्या तिखट कानाची सक्ती करणे म्हणजे त्यांची किंमत आणि खर्च दोन्ही वाढविणे होते.

परंतु जेथे धनी फिरता आहे आणि आपला ठावठिकाणा वहीत लिहू इच्छीत नाही, तेथे चाहुलीवाचून गत्यंतर नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील नौदलाचे रडार हे याचे उदाहरण. ३५५० मेगाहर्ट्झपासून पुढचा जो पट्टा २०१५ च्या नियमांनी इतरांसाठी खुला झाला आणि २०२० मध्ये ज्याचा व्यापारी वापर पूर्णपणे सुरू झाला, त्यात किनाऱ्यालगत संवेदकांची साखळी उभारून युद्धनौकांच्या रडारची चाहूल घेतली जाते आणि चाहूल लागताच त्या भागातील पाहुण्यांना दुसरीकडे हलविले जाते. ही ठाणी लहान सेलांवर चालत नाहीत. ऐकण्याचे काम प्रत्येक साधनावर न टाकता थोड्या, सुस्थित, भरपूर वीज असलेल्या ठाण्यांकडे सोपविलेले आहे. त्याचीही किंमत द्यावी लागतेच. या ठाण्यांना नीट ऐकू यावे म्हणून त्यांच्या आसपासच्या व्यापारी यंत्रांना आपला आवाज खाली ठेवावा लागतो.

याचा अर्थ असा की, विश्वसनीयता आणि वीज यांचा मेळ घालण्याची एकच एक रीत नाही. धनी स्थिर असेल तर वही पुरते. तो फिरता असून त्याला धक्का लागणे परवडणारे नसेल, तर मोठी कायमची ठाणी हवीत. आणि जेथे वही नाही, मोठी ठाणी उभारण्याइतका पैसाही नाही, अशा रानात, शेतात आणि दूरच्या वस्त्यांत, लहान यंत्रांनी आळीपाळीने जागण्याचा, मोजके बोलण्याचा आणि पुरेसे कळले की थांबण्याचा मार्गच उपयोगी पडतो.

सरतेशेवटी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नव्वद टक्के ओळख पुरे की नव्व्याण्णव हवी, हे कोणतेही समीकरण सांगत नाही. समीकरण फक्त प्रत्येक पायरीची किंमत सांगते. घरातील चित्रात क्षणभर मुंग्या आल्या तर चालेल, असे समाजाने म्हटले तर एक आकडा ठरतो. विमान उतरविणाऱ्या वैमानिकाच्या सूचनेत क्षणभरही खंड नको, असे म्हटले तर दुसरा. सान हुआन येथे उणीव गणिताची नव्हती, ठरलेला नियम प्रत्येक यंत्राकडून पाळला जातो की नाही हे पाहण्याची होती. कोणते नुकसान सोसावयाचे आणि कोणते मुळीच नाही, हे माणसांनी आधी उघडपणे ठरवावयाचे असते. त्यानंतरच यंत्रांना झोपेची आणि मौनाची मुभा देता येते.